रुग्णवाहिकेचं दार

तीन संस्थांनी मिळून रुग्णवाहिका घेतली आणि दारावर कोणाचं नाव आधी लिहायचं, इथेच घोडं अडलं. तीन तिघाडा, काम बिघाडा! बैठकांवर बैठका झाल्या, गाडी रंगाऱ्याच्या अंगणात धूळ खात राहिली. परवा थोरल्या संस्थेच्या बाईंच्या सासूबाई पडल्या, त्यांना हातगाडीवरून दवाखान्यात न्यावं लागलं. आज बाई रंगाऱ्याकडे आल्या. त्याने ब्रश बुडवला. “साहेबांचंच नाव आधी ना?” साहेब म्हणजे बाईंचे दिवंगत पती, संस्था त्यांच्याच नावाची. बाईंनी तळहाताने दार पुसलं. “नावं नकोत. फोन नंबर लिही, ठसठशीत.” “कोणाचा?” परवा बाईंनी घरून मदतीसाठी तिन्ही संस्थांना फोन लावले, तेव्हा त्यांच्याच ऑफिसात फोन वाजत राहिला होता. दुसऱ्या संस्थेने ‘कळवतो’ म्हटलं. भर बैठकीत बाईंशी भांडलेली तिसऱ्या संस्थेतली मुलगी ‘निघालेच’ म्हणाली आणि हातगाडी ढकलत आली. “जो उचलतो त्याचा,” म्हणत बाईंनी तिचा नंबर सांगितला.