कोंबलेली हवा

सुनंदानं बशीतले तळलेले फुगे कचऱ्याच्या डब्यात ओतले, बशी विसळली आणि तशीच रिकामी शेजारच्या सेसिलियाच्या दारात नेऊन दिली.

शेजारणीची बशी रिकामी परत करायची नाही, घरात दुसरं काही नसेल तर निदान चिमूटभर साखर घालायची, हे ठाकूरद्वारच्या त्या वाडीत लहान मुलांनाही ठाऊक होतं. सणाला आपल्या हातचे गोड, तळलेले फुगे पाठवणाऱ्या सेसिलियालाही ठाऊक होतं. तिनं बशीकडे पाहिलं, सुनंदाकडे पाहिलं आणि बशी घेतली.

"पुन्हा काही पाठवू नका," सुनंदा म्हणाली. "आमच्यानं खाववत नाही."

खोटं नव्हतं ते. तिला खरोखरच शिसारी आली होती. सेसिलियाचा नवरा रूपर्ट वाडीच्या तोंडाशी मोटारी दुरुस्त करायचा. गेले आठ दिवस त्याच्या गॅरेजात फौजदाराची काळी मोटार उभी होती. महिन्यापूर्वी दुसऱ्या मजल्यावरच्या नानांना उचलून नेलं ते ह्याच मोटारीतून. नाना शाळामास्तर, संयुक्त महाराष्ट्राची पत्रकं छापायचे. मोटार आली कधी हे वाडीत कुणालाच कळलं नाही. कळलं ते जिन्यावर बूट वाजले तेव्हा. चौथ्या दिवशी नाना परत आले ते उजव्या हाताच्या तीन बोटांना प्लास्टर घेऊन.

पोलिसांच्या हातून वाचलेलं नानांचं सायक्लोस्टाइल यंत्र आता सुनंदाच्या स्वयंपाकघरात, पाण्याच्या पिंपामागे होतं. तिचा नवरा अच्युत सॉलिसिटरच्या कचेरीत कारकून. सुट्टीच्या दिवशी तो पत्रकं काढायचा आणि ती कागद लावून द्यायची. सापडला तर नोकरी जाणार होती, बोटंही. सुनंदाला रात्र रात्र झोप नव्हती, आणि इथं हा शेजारी त्याच फौजदाराची मोटार आणखी वेगवान करायला निघाला होता!

"चार शिपाई बसवले की धापा टाकते," फौजदारानं गॅरेजात उभं राहून तक्रार केली होती. तेव्हा सुनंदा नळावर होती. तिनं सगळं ऐकलं.

"इंजिनाला हवा कमी परते, सायबानू," रूपर्ट लाळघोटेपणानं म्हणाला. "भायेरशी कोंबून दिली तं पेट्रोल जास्ती जलंल. मग बगा कशी पलते."

आणि मग त्याचे ते घाणेरडे उद्योग सुरू झाले. आधी त्यानं लोहाराचा भाता इंजिनाला जोडला. तासाभरात त्याचं कातडं फाटलं आणि कुजक्या चरबीचा वास वाडीभर पसरला. मग कुठल्याशा विलायतेला गेलेल्या साहेबाचं धूळ ओढायचं यंत्र आणून, उलटं लावून, पट्ट्यानं फिरवलं. त्यातून दहा वर्षांची धूळ आणि केसांचे पुंजके नळावरच्या बायकांच्या अंगावर उडाले. शेवटी लोअर परळच्या भंगारातून गिरणीतला कापसाचा बुरा ओढणारा पंखा आला. रूपर्टनं त्यातून कापसाच्या लगद्यात अडकलेला मेलेला उंदीर काढला, हात पँटीला पुसले आणि त्याच हातानं पाव खाल्ला. सुनंदानं अर्धाच हंडा भरून घर गाठलं.

पंखा मात्र चालला. इंजिनानं वेग घेतला की तो किंचाळायचा, पाटीवर खिळा ओढावा तसा.

रूपर्टनं मोटार फिरवून आणली आणि नळाशी येऊन दात काढले. "सुनंदाबाय, धोबीतलावाशी वललो तवा आयकू आला का गो?"

तिनं मान फिरवली. त्यानं पंख्याचं तोंड थोडं कापलं, पुन्हा फेरी मारली, पुन्हा तोच प्रश्न. तिसऱ्या वेळी ती भडकली.

"आलं, आलं! कान फुटले माझे! मिरवा आता!"

रूपर्ट लहान मुलासारखा खुलला. त्याच्या त्या हसण्याचीच तिला सगळ्यात जास्त किळस आली.

फौजदार मोटार न्यायला आला. "आवाज फार करते रे."

"दाबला तं जोर जाईल, सायबानू."

फौजदार गॅरेजच्या भिंतीवर पचकन पान थुंकला. "ओरडू दे. लोक टरकतील."

"आपला म्हणत होतो त्या रूपर्टला," वाडीतल्या राधाबाई नळावर म्हणाल्या. "ह्यांना मुंबई वेगळीच हवी, दुसरं काय!" सुनंदानं मान डोलावली. घरी येऊन तिनं अच्युतपुढे आगपाखड केली. तो कागद मोजत राहिला.

"धंदा आहे त्याचा," एवढंच म्हणाला.

आपल्या नवऱ्याच्या अंगात रक्त आहे की पाणी, असं तिला वाटलं.

पुढच्या रविवारी हरताळ होता. ट्राम बंद, दुकानं बंद, रस्ता चिडीचूप. भरदुपारी अच्युत यंत्राचा दांडा फिरवत होता. तीनशे पत्रकं झाली होती, शाई दोघांच्या कोपरापर्यंत आली होती. खिडकी बंद होती, तरी ती किंचाळी सुनंदाच्या कानात शिरली. तिनं हातातला कागद खाली टाकला.

"आली मेल्यांची गाडी! रूपर्टचं वाटोळं होवो!"

"कुठवर आलीय?" अच्युतनं विचारलं.

"धोबीतलावाशी वळतेय," ती म्हणाली, आणि बोलता बोलता थांबली.

मागच्या दारावर टकटक झाली. सेसिलिया दोन्ही हात पसरून उभी होती. अच्युतनं यंत्र उचलून तिच्या हातात दिलं, वर पत्रकांचा गठ्ठा ठेवला आणि शाईचे हात सावकाश धुवायला घेतले.

"घाबरू नकोस," तो म्हणाला. "तिथून इथवर यायला तीन मिनिटं आहेत. रूपर्टनं घड्याळ लावून मोजलीत."