बाटल्यांच्या आत

अकरा वर्षं जंतूंवर संशोधन केल्यावर तिनं प्रयोगशाळा सोडली आणि ती वर्तमानपत्रात विज्ञानाची बातमीदार झाली. “एवढं शिकून आता बातम्या लिहिणार?” राजीनाम्यावर सही करताना सर म्हणाले होते, आणि ते तिच्या जिव्हारी लागलं होतं. महिन्याभरानं तिचा पहिला लेख छापून आला, औषधांना दाद न देणाऱ्या त्याच जंतूंवरचा. त्या दिवशी राहिलेली पुस्तकं न्यायला ती प्रयोगशाळेत गेली. काचेच्या बाटल्या धुणाऱ्या मावशींनी हात पुसले आणि तिला बेसिनपाशी नेलं. वरच्या भिंतीवर तिचा लेख नीट कापून चिकटवलेला होता. “ताई, तुमच्या बाटल्या इतकी वर्षं धुतल्या, पण आत काय असायचं ते आज समजलं,” मावशी म्हणाल्या. “आता कुणी काम विचारलं, तर बाटल्या धुते म्हणणार नाही. जंतूंच्या संशोधनात आहे, असं ताठ मानेनं सांगणार.”