बॅकअपची किल्ली

सर्व्हरने सकाळीच मान टाकली आणि रिपॉझिटरीतला, म्हणजे कोडच्या सामायिक कोठारातला, सगळा कोड त्याच्याबरोबर गेला. ग्राहकाला संध्याकाळी प्रोग्रॅम द्यायचा होता. “रडताय काय? बॅकअप आहे ना!” साहेब गरजले. बॅकअप होता, सर्व्हर सांभाळणारीच्या हातातल्या विटेएवढ्या डिस्कमध्ये. “मग चढव की!” “पण तो उघडणारा छोटा प्रोग्रॅम, ती स्क्रिप्टही गेली,” ती म्हणाली. “सगळं रिपॉझिटरीतच ठेवायचं, हा तुमचाच नियम.” “मग बॅकअपमधून काढ ना!” “साहेब, बॅकअप उघडायलाच ती स्क्रिप्ट लागते!” तिने कपाळावर हात मारून घेतला, बाह्या सरसावल्या आणि स्क्रिप्ट आठवून आठवून पुन्हा लिहिली. दुपार टळता टळता कोड परत आला. साहेबांचा जीव भांड्यात पडला. “शाब्बास! ही स्क्रिप्ट हरवायला नको, लगेच रिपॉझिटरीत टाक.” तिने डिस्क उचलली, साहेबांच्या टकलाकडे पाहिलं आणि मोठ्या कष्टाने खाली ठेवली.