ताईंनी विचारलेला कोड

हॉस्पिटलच्या रेकॉर्ड रूममध्ये ती फाइलींवर आजारांचे कोड टाकत होती, पण लक्ष कुठलं लागतंय! तिचीच थायरॉइडची ग्रंथी वाढली होती. कॅन्सर तर नाही ना, या तपासणीचा निकाल आला होता आणि तिची फाइल नेमकी समोरच्या टेबलावरच्या ताईंच्या ढिगात पडली होती. फाइलमधलं एक अक्षरही कुणाला सांगायचं नाही, हा ताईंचाच कडक नियम.

"अगं," ताई चष्मा पुसत म्हणाल्या, "थायरॉइड नुसतीच वाढलीय, कॅन्सरबिन्सर काही नाही, तर कोड कोणता गं? मेला आठवतच नाहीये."

"ई शून्य चार पॉइंट नऊ," तिनं सवयीनं सांगून टाकलं, आणि हातातलं पेनच गळून पडलं.

अख्खं हॉस्पिटल ज्यांना कोड विचारायला येतं, त्या ताईंनी बावीस वर्षांत पहिल्यांदाच कुणाला तरी कोड विचारला होता.