आई ग्रुपवर बोलली

"स्वतः खाऊन खाऊन फुगायचं आणि नावं माझ्या शिवणीला ठेवायची," गिऱ्हाइकाची पॅन्ट झटकत आई पुटपुटली. "घे गं, कंबर उसव."

मुलीनं पॅन्ट मांडीवर ओढली. शाळेत न जाण्याचा आज नववा दिवस. पोट दुखतं म्हणायची. डॉक्टरांना पोटात काही सापडलं नव्हतं.

"कुठे दुखतंय ते मला कळतं," आई मशीनवर बसली. "वर्गात पोरीचा जरा डोळा लागला, तर तोंड वासलेला फोटो काढून वर्गाच्या ग्रुपवर टाकला पोरांनी. मेल्यांना कधी झोप येत नाही? पण मी बोलले की नाही त्या दिवशी तुझ्या फोनवरून? त्यानंतर काय बिशाद कुणाची एक अक्षर लिहायची."

त्या दिवशीही ती अशीच मशीनवर होती. फोन हनुवटीशी धरून ग्रुपसाठी चांगला दीड मिनिटाचा व्हॉइस मेसेज बोलली आणि खाली पाय चालूच. मशीनवर बसून पाय थांबवणं तिला जमतच नसे.

"आण तो फोन. आज परत खरडपट्टी काढते. उद्या शाळेत जाशील बघ."

"राहू दे ना," इस्त्री करता करता बाबा म्हणाले. "ती पॅन्ट पाचला न्यायला येणारेत."

"तुम्ही पोरीसाठी कधी तोंड उघडू नका."

बाबांनी तीच बाही तिसऱ्यांदा दाबली. परवा वाण्याच्या दुकानात कुणाचा तरी फोन वाजला होता. आधी मशीनची खडखड, मग त्यांच्या बायकोचा आवाज. रांगेतले चारदोन जण हसले. बाबा साखर न घेताच परत आले. संपली म्हणाले.

आईनं स्वतःच मुलीच्या शेजारचा फोन उचलला आणि बटण दाबलं. तिचा पाय सुरू झाला. "हे बघा रे पोरांनो..."

मुलीनं उठून मशीनचं चाक हातानं धरलं.

"अगं, बोट जाईल! घाबरतेस कशाला एवढी? मी आहे ना."

"माझा फोटो ते केव्हाच विसरले," मुलगी म्हणाली. "मी वर्गात शिरले की सगळे बाकाखाली पाय आपटतात. मग एकजण तुझ्यासारखं बोलतो."

आईनं मशीनवरचा पाय खाली घेतला.

"ते आता तुला हसतात, आई."