अध्यक्षांची उंची

"अमेरिकेचा अध्यक्ष कसा ताडमाड दिसायला हवा! चढव हे," म्हणत दिगूअण्णांनी उंच टाचांचे बूट माझ्यापुढे आपटले. अण्णा आमच्या नाटकाचे दिग्दर्शक. त्यांचा सहाफुटी नायक ऐनवेळी तापाने आडवा झाला, म्हणून नाइलाजाने मी.

बूट विंगेतच सोडले आणि नुसत्या मोज्यांवर रंगमंचावर गेलो. धिप्पाड मंत्र्यांमध्ये मला बघून प्रेक्षागृहात खसखस पिकली.

युद्ध थांबवायचा हुकूम मी अगदी हळू आवाजात दिला. ऐकू येईना, तसे मंत्री एकेक करून माझ्याकडे वाकले. हसू विरलं. शेवटच्या रांगेतली माणसंसुद्धा पुढे झुकली.

टाळ्या एकदाच्या थांबल्यावर अण्णा तणतणत आले. "काय पुटपुटलास? मला ऐकूच आलं नाही!"

मी तितक्याच हळू पुन्हा सांगितलं.

अण्णा वाकले.