पाठ सातवा, ओळ चौथी

कारखान्याच्या प्रशिक्षण अभ्यासक्रमाला सरकारी मंजुरी मिळाली की बोरस्त्यांच्या पदरात तीन गोष्टी पडणार होत्या: दारावर ‘प्रशिक्षण व्यवस्थापक’ अशी पाटी, ते दार ज्या खोलीला होतं ती खोली, आणि त्या खोलीतला छताचा पंखा. पाटीचा मजकूर त्यांनी रंगाऱ्याला सांगूनही ठेवला होता. आता सगळं अडलं होतं एका अंगठ्यावर.

मंजुरीचा नियम असा, की अभ्यासक्रमाच्या पुस्तकातला प्रत्येक पाठ त्या कामातल्या जुन्या कामगाराला वाचून दाखवायचा आणि पटल्याची सही घ्यायची. सही येत नसेल तर डावा अंगठा. सहा पाठ बिनबोभाट पार पडले. सातवा पॉवर प्रेसचा, साच्यातल्या पत्र्यावर ठोका मारणाऱ्या यंत्राचा, आणि सातपूरच्या त्या कारखान्यात प्रेसवर चिमाजीइतका जुना माणूस दुसरा नव्हता.

चिमाजी आला तो डावा हात खाकी पँटच्या खिशात घालून. साहेबापुढे खिशात हात! बोरस्त्यांनी ते मनात टिपून ठेवलं आणि वाचायला घेतलं. तीन ओळींना चिमाजीनं मान हलवली. चौथी आली.

“यंत्र बंद केल्यानंतरच साच्यात हात घालावा.”

“थांबा सायेब. बंद नका लिहू.”

“मग काय लिहू?”

“मेली लिहा. मशिन मेली, मंगच हात.”

टाइपरायटरमागं लताबाई फिस्सकन हसल्या.

“चिमाजी,” बोरस्ते म्हणाले, “हे पुस्तक आहे, नळावरचं भांडण नाही. मेली म्हणे! मंजुरी देणारे मुंबईचे साहेब काय म्हणतील?”

“मुंबईचे सायेब कवा प्रेसवर बसले? बटन दाबलं, मोटर बंद झाली. पन चाक फिरतच राहतं ना. तेवढ्यात पेडलवर पाय पडला तर ठोका पडतोच. चाक पार थांबलं का मंग आमी म्हनतो, मेली. नवं पोरगं बंद ऐकतं अन् हात घालतं.”

बोरस्त्यांनी जरा विचार केला. “‘यंत्र पूर्णतः स्थिरावल्यानंतर.’ हे चालेल?”

“मलाच नाय कळलं.”

“मग तू तोंडी सांग ना पोरांना.”

“अन् मी रिटायर झाल्यावर?”

“हे बघ, छपाईची स्टेन्सिल कापून झाली आहे. परवा साहेब येणार. तुझा शब्द पुढच्या आवृत्तीत घालू.” त्यांनी शाईची गादी उघडून पुढं सरकवली. “अंगठा दे.”

“नाय.”

“अरे, एका शब्दानं तुझं काय जातंय?”

चिमाजीनं खिशातून हात काढला आणि शाईच्या गादीशेजारी टेबलावर ठेवला. चार बोटं होती. अंगठ्याच्या जागी गुळगुळीत गाठ.

“गेलं सायेब. चौऱ्याहत्तर साली. सुपरवायझर म्हनला, बंद हाय, घाल हात.”

बोरस्त्यांनी गादीचं झाकण लावलं.

“लताबाई, सातव्या पाठाला नवी स्टेन्सिल लावा. ‘मेली’ लिहा. आणि अवतरणचिन्हं नकोत.”

लताबाईंनी जुनी काढली, नवी चढवली. खटाखट ओळी उतरत गेल्या. चौथ्या ओळीवर त्यांनी दर अक्षराला कळ जोरात दाबली. पान संपत आलं तशी बोटं थांबली.

“सर, खाली डाव्या अंगठ्याची चौकट आहे. तिथं काय टाकू?”

बोरस्त्यांनी चिमाजीकडं पाहिलं. तो हात परत खिशात घालत होता.

“लिहा बाई,” चिमाजी म्हणाला, “आगाऊ भरला.”